वणव्यानंतरचे वांटेकरी

वणवा हा मोठा दर्शनी शत्रु आहे. तो रात्रीच्या वेळीं डोंगर उजळीत येतो, वर्तमानपत्रांचे रकाने भरून टाकतो, आणि विझला म्हणजे त्याच्या नुकसानीचा हिशेब चार दिवसांत मांडतां येतो. सन २०२५ च्या जानेवारीच्या ७ तारखेस अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या अंगाशीं जे वणवे पेटले, त्यांत १६ हजारांहून अधिक इमारती भस्मसात् झाल्या. त्यांपैकीं एक वणवा शहराच्या उत्तरेकडील सॅन गेब्रिएल पर्वताच्या पायथ्याचा होता. हे आंकडे साऱ्या जगानें वाचले. परंतु आग विझल्यावर ज्या काळ्या टेकड्या मागें उरतात, त्यांचें पुढें काय होतें, त्यांवर काय उगवतें आणि उगवलेलें कोण खातें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ह्या प्रश्नालाहि एक इतिहास आहे. तो थोडक्यांत सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. जळालेल्या रानाचें भवितव्य एकट्या आगीच्या हातीं नसतें. आगीमागून जीं तोंडें त्या रानावर येतात, त्यांच्या हातींहि तें तितकेंच असतें. आणि तीं तोंडें किती असावींत, कोणाचीं असावींत व केव्हां यावींत, हें गेल्या अडीचशें वर्षांत बहुतांशीं मनुष्यानें ठरविलेलें आहे. म्हणून ही कथा जरी सशांची, हरणांची व मेंढ्यांची दिसली, तरी ती शेवटीं आपली स्वतःचीच कथा आहे.

कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर झुडपांचें जें घनदाट रान आहे, त्यास 'शॅपरल' असें म्हणतात. स्पॅनिश लोकांच्या भाषेंत खुरट्या ओकास 'चापारो' म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें. आपल्याकडील वाचकास त्याची कल्पना यावयाची तर त्यानें घाटमाथ्यावरील करवंदीच्या जाळ्या डोळ्यांपुढें आणाव्या. मात्र त्या डोंगरच्या डोंगर व्यापणाऱ्या, पुरुषभर उंचीच्या, आणि चामड्यासारख्या चिवट पानांच्या अशा कल्पाव्या. तेथें पाऊस हिंवाळ्यांत पडतो व उन्हाळा ठणठणीत कोरडा जातो. अशा प्रदेशांतील झुडुपास आग नवी कोठून असणार? जळल्यावर पुन्हां उभें राहण्याच्या त्याच्या दोन रीती आहेत. शमीस, टोयॉन, खुरटा ओक हीं झुडपें वरून जळून गेलीं, तरी त्यांचे जमिनींतील गड्डे जिवंत राहतात, आणि त्यांतून लवकरच कोवळे फुटवे डोकें वर काढतात. दुसऱ्या वर्गांतील झुडपें, म्हणजे सिआनोथस व मँझानिटा यांच्या अनेक जाती, आगींत मुळासकट मरतात. परंतु त्यांच्या बिया मातींत कित्येक दशकें निजून असतात, त्या आगीच्या निमित्तानेंच जाग्या होतात. ह्यांखेरीज, पहिला पाऊस पडला कीं, जळक्या टेकडीवर रानफुलांचा विलक्षण बहर येतो. दाट झाडींत जीं रोपें वर्षानुवर्षें कोणाच्या दृष्टीस पडलेलीं नसतात, तीं राखेंतून हजारोंनीं वर येतात. दोन तीन वर्षांत झुडपें पुन्हां एकमेकांस भिडूं लागतात, आणि फुलें आलीं तशीं नाहींशीं होतात.

हें रान इमारती लांकडाच्या दृष्टीनें जवळजवळ निरुपयोगी आहे. तथापि उतारावरची माती त्याच्याच मुळांनीं धरून ठेवलेली असते. सन २०१७ च्या डिसेंबरांत व्हेंचुरा व सांता बार्बारा परगण्यांतील डोंगर जळाले. पुढें ९ जानेवारी २०१८ रोजीं पहांटेच्या अंधारांत मुसळधार पाऊस झाला, तेव्हां तो उघडा पडलेला डोंगर चिखल व धोंडे घेऊन माँटेसिटो गांवावर उतरला आणि २३ माणसें प्राणास मुकलीं. येथें नवा अंकुर फुटण्यास अवसरच मिळाला नव्हता. परंतु त्यावरून एवढें दिसून येतें, कीं टेकडीवर पुन्हां काय उगवतें व तें टिकतें कीं नाहीं, हा केवळ वनस्पतिशास्त्राच्या कौतुकाचा विषय नव्हे. पायथ्याशीं निजणाऱ्या माणसांच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

ह्या किनाऱ्यावर चूमॅश वगैरे मूळचे लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. ते रानांत ठिकठिकाणीं मुद्दाम आग लावीत. त्यामुळें खाण्याजोग्या बिया देणारीं रोपें वाढत, आणि कोवळ्या पाल्याच्या ओढीनें हरणें जवळ येत. आग, अंकुर आणि चरणारा प्राणी हे तिघे एकाच सूत्रांत ओवलेले आहेत, हें ज्ञान त्यांनीं ग्रंथांत लिहून ठेवलें नव्हतें, पण तें त्यांच्या आचरणांत होतें. सन १७६९ मध्यें सॅन दिएगो येथें स्पॅनिश पाद्र्यांचें पहिलें मिशन उभें राहिलें, व त्याबरोबर गुरें, मेंढ्या आणि शेळ्या ह्या भूमीवर आल्या. नव्या वसाहतीचें सारें बळ जनावरांवर होतें, आणि तिला कुरण जळणें परवडणारें नव्हतें. ३१ मे १७९३ रोजीं तेथील हंगामी गव्हर्नर होसे होआकिन दे आरियागा यांनीं सांता बार्बारा येथून फर्मान काढून रान जाळण्यास बंदी केली.

ह्या फर्मानाचा अर्थ आज पाहतां मोठा उद्बोधक वाटतो. मूळच्या लोकांची आग हरणांना बोलावीत होती. नव्या लोकांचें फर्मान गुरांसाठीं आग थांबवीत होतें. दोन्ही पक्षांना जमिनीवर चरणारें जनावरच हवें होतें. फरक एवढाच, कीं एकानें आगीचा व जनावराचा मेळ घातला होता, तर दुसऱ्यानें जनावरांची संख्या बेसुमार वाढवून आगीस मात्र गुन्हेगार ठरविलें.

पुढें एकोणिसाव्या शतकांत हा देश अमेरिकन संस्थानांत सामील झाला. १८६२ ते १८६४ च्या अवर्षणांत गुरें मोठ्या प्रमाणावर मेलीं, आणि मागून मेंढ्यांचे कळप लाखोंच्या घरांत गेले. उन्हाळ्याच्या अखेरीस डोंगर उतरतांना मेंढपाळ मागें आग लावून देत, ती पुढच्या वर्षीं कोवळा चारा मिळावा ह्या हेतूनें. त्या चाऱ्यावर दुसऱ्या वर्षीं तोच कळप परत येई. म्हणजे झुडपांस प्रथम आग आणि लगेच दांत, असा दुहेरी प्रसाद मिळे. खोऱ्यांतील बागाईतदारांना ह्याची धास्ती पडली. कारण त्यांच्या बागांचें पाणी ह्याच डोंगरांतून येत असे. अखेरीस २० डिसेंबर १८९२ रोजीं अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीं सॅन गेब्रिएल पर्वत सरकारी राखीव रान म्हणून जाहीर केला. कॅलिफोर्नियांतील हें पहिलें राखीव रान. तेथें तोडण्याजोगें लांकूड फारसें नव्हतेंच. राखावयाचें होतें तें पाणी. २०२५ सालीं ज्याचा पायथा जळाला, असें आरंभीं सांगितलें, तो पर्वत हाच.

असो. राज्यकर्त्यांना आग व कळप हीं दोन्ही मोठीं संकटें दिसलीं, कारण दोन्ही दुरून दिसतात. परंतु ह्या रानांत असेहि कांहीं चरणारे आहेत, कीं ज्यांच्याकडे शास्त्रज्ञांचेंहि बरींच वर्षें लक्ष गेलें नव्हतें. ती हकीकत ह्या साऱ्या इतिहासांतील सर्वांत रंजक आहे.

सांता बार्बारा येथील विद्यापीठांत कॉर्नेलियस म्युलर नांवाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या भागांतील टेकड्यांवर सुगंधी झुडपांचीं बेटें गवतांत विखुरलेलीं असतात. त्यांत एक सेज असून दुसरें आपल्या दवण्याच्या कुळांतील आहे. प्रत्येक बेटाभोवतीं एक दोन मीटर रुंदीचा असा पट्टा असतो, कीं ज्यांत गवताची काडीहि दिसत नाहीं. उंचावरून पाहिलें तर प्रत्येक झुडुपाभोवतीं कोणी रिंगण आंखून ठेवलें आहे असें वाटतें. हें रिंगण कोणी आंखलें? म्युलर यांनीं १९६४ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत उत्तर दिलें, तें असें: ह्या झुडपांच्या पानांतून कापूर व सिनिओल हीं उडून जाणारीं द्रव्यें बाहेर पडतात, तीं मातींत मुरतात, व शेजारच्या रोपांची वाढ खुंटवितात. सिनिओल म्हणजे निलगिरीच्या तेलांतील मुख्य द्रव्य. उत्तर मोठें मोहक होतें. देव्हाऱ्यांत जळणारा कापूर रानांत शेजाऱ्यांस विष घालतो, ही कल्पनाच मनास पकडून ठेवणारी आहे.

पुढें १९६८ सालीं म्युलर व त्यांचे सहकारी यांनीं हाच विचार वणव्यास लावला. शमीसच्या पानांवरून पावसाबरोबर विष गळतें, म्हणून दाट रानांत फुलझाडें उगवत नाहींत. आगींत झुडपें आणि विष दोन्ही जळतात, म्हणून राखेंतून बहर येतो. थोडक्यांत, आग हा विषावरचा उतारा आहे, असें हें मत होतें.

दोनच वर्षांनीं, १९७० सालीं, त्याच 'सायन्स' मध्यें ब्रूस बार्थॉलोम्यू नांवाच्या तरुण अभ्यासकाचा एक लहानसा लेख आला. त्यानें जें केलें तें एखाद्या शेतकऱ्यास सुचावें इतकें साधें होतें. त्यानें त्या नागव्या पट्ट्यांत तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले. जाळींतून हवा जाते, वास जातो, पाऊस जातो. जात नाहीं तो फक्त प्राणी. झुडपांचें विषच जर खरें कारण असेल, तर पिंजऱ्यांतहि कांहीं उगवूं नये. प्रत्यक्षांत पिंजऱ्यांत गवत उगवलें, आणि बाहेरची जमीन उघडीच राहिली. झुडपाजवळ व झुडपापासून दूर मोजून बिया ठेवल्या, तेव्हां झुडपाजवळच्या बिया अधिक नाहींशा झाल्या. रिंगण आंखणारा सांपडला होता. झुडपाखालीं राहणारे ससे व उंदीरच तें आंखीत होते.

ह्याचें मर्म भयांत आहे. ससा हा उघड्यावर फार दूर जात नाहीं. वर ससाणा व घुबड, खालीं कोल्हा व कॉयोटी. म्हणून झुडुपापासून जेवढ्या अंतरावर जाऊन परत उडी मारतां येईल, तेवढ्याच अंतरांतील हिरवळ तो खातो. त्या उघड्या पट्ट्याची रुंदी म्हणजे सशाच्या धैर्याची रुंदी होय. विद्वानांना झुडपाचा वास आला, कारण तो दिवसाढवळ्या येतो; ससा दिसला नाहीं, कारण तो तिन्हीसांजेस व रात्रीं बाहेर पडतो. झुडपांतील द्रव्यांचा ह्या कामीं कांहींच वांटा नाहीं, असें मात्र कोणी म्हणूं नये. त्यांचे परिणाम प्रयोगांत दिसले आहेत, आणि त्यांवर पुढेंहि वाद चालला. पण एकटें विष पुरेसें नाहीं, एवढें त्या तारेच्या पिंजऱ्यानें सिद्ध केलें.

आतां हेंच सूत्र वणव्यास लावून पाहावें. आग झुडपें जाळते, म्हणजे सशाचें घर व छप्पर जाळते. कित्येक लहान प्राणी मरतात. जे वांचतात त्यांना लपावयास आडोसा उरत नाहीं. म्हणून पहिल्या पावसानंतर जी रोपें वर येतात, त्यांना कांहीं काळ वैरीच नसतो. बियांना जागें करणारीं कारणें वेगळीं आहेत, हें खरें. सिआनोथसच्या बीचें कवच धगीनें तडकतें, आणि कांहीं रानफुलांच्या बिया धुरांतील वायूंनीं जाग्या होतात, असें जॉन कीली व फॉदरिंगहॅम यांनीं १९९७ सालीं दाखविलें. परंतु जागें होणें निराळें आणि जगणें निराळें. आग बियांना उठविते, व त्याच वेळीं त्यांना खाणाऱ्यांना दूर सारते. हा अवसर अर्थातच थोडका असतो. एक दोन पावसाळ्यांत गड्ड्यांचे फुटवे वाढतात, आडोसा परत येतो, आणि आडोशाबरोबर त्याचा रहिवासीहि परत येतो.

तो परत आला म्हणजे निवडानिवडीस आरंभ होतो. प्राणी सर्वच रोपें सारख्या आवडीनें खात नाहींत. दक्षिण कॅलिफोर्नियांत जळालेल्या रानांत रोपांभोवतीं जाळ्या बसवून केलेला एक अभ्यास १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें, कीं सिआनोथसचीं रोपें प्राण्यांस शमीसच्या रोपांहून अधिक रुचतात. ह्याचा परिणाम दूरवर पोंचतो. शमीस गड्ड्यांतूनहि उगवूं शकतो. सिआनोथसच्या ज्या जाती बियांवरच विसंबून असतात, त्यांचें रोप गेलें म्हणजे सारेंच गेलें. आग दोघांनाहि सारखीच जाळते, पण ससा दोघांना सारखें वागवीत नाहीं. पुढच्या पन्नास वर्षांत त्या उतारावर कोणतें झुडूप अधिक दिसावें, ह्याचा निवाडा पुष्कळदां पहिल्या दोन तीन वर्षांतच होऊन जातो.

मोठ्या प्राण्यांचा हिशेब थोडा निराळा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास हॅरल्ड बिस्वेल आदि अभ्यासकांनीं उत्तर कॅलिफोर्नियांतील शमीसच्या रानांत हरणांची पाहणी केली. जुन्या, दाट रानापेक्षां नव्यानें जळालेल्या रानांत हरणें पुष्कळ अधिक आढळतात, कारण कोवळा फुटवा त्यांना अधिक पोषक असतो. हेंच मूळच्या लोकांना पूर्वींपासून ठाऊक होतें. परंतु येथें आगीच्या विस्ताराचा प्रश्न येतो. हजारों एकर जळाले तर हरणें पांगतात, आणि एकेका झुडुपाच्या वांट्यास थोडे दांत येतात. दहा वीस एकरांचा तुकडा जळाला, तर आसपासचीं सारीं हरणें तेथें जमतात व झुडपास मान वर काढूं देत नाहींत. गुरें पाळणाऱ्यांनीं ह्या गोष्टीचा हेतुपुरस्सर उपयोग केला. १९४५ पासून कॅलिफोर्निया सरकार परवाने देऊन रान जाळूं देऊं लागलें. रान जाळावें, राखेंत गवताचें बीं पेरावें, आणि फुटव्यांवर मेंढ्या सोडाव्या, म्हणजे झुडपांचें कुरण होतें, अशी ती रीत होती. पुष्कळ ठिकाणीं ती साधलीहि. मात्र गवत उन्हाळ्यांत लवकर वाळतें व वारंवार पेटतें. आणि आगी फार जवळजवळ आल्या म्हणजे झुडपांस बी धरण्यापूर्वींच मरण येतें. एकदां गवताचें राज्य झालें, कीं तें आपलें राज्य आगीच्या साह्यानें स्वतःच राखतें.

मुख्य भूमीवर हरणांस सिंहाची जरब असते. तेथील पर्वतसिंह, कॉयोटी व शिकारी त्यांची संख्या आवरून धरतात. जेथें ही जरब नाहीं, तेथें काय होतें, हें पाहावयाचें तर लॉस एंजेलिससमोर समुद्रांत सुमारें ३५ किलोमीटरांवर असलेल्या कॅटलिना बेटावर जावें. ह्या बेटावर मूळचें हरिण नव्हतें. तेथील झुडपांना काटे, कडू रस वगैरे संरक्षणाचीं साधनें वाढविण्याचें कारण पूर्वीं फारसें पडलें नव्हतें. मनुष्यानें प्रथम शेळ्या आणल्या; त्यांनीं टेकड्या उघड्या केल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीपासून शिकारीच्या शोकासाठीं हरणें आणलीं गेलीं. १९७२ सालीं बेटाच्या संरक्षणासाठीं एक संस्था स्थापन झाली, व बेटाचा बहुतेक भाग तिच्या मालकीचा झाला. शेळ्या हलविण्यांत आल्या, हरणें राहिलीं.

सन २००७ च्या मे महिन्यांत तेथें वणवा लागून ४,७०० एकरांहून अधिक रान जळालें. पावसानंतर जळक्या ओकांच्या गड्ड्यांतून फुटवे आले, बियांतून रोपें वर आलीं. आग जें करते तें सारें यथासांग झालें. परंतु हे अंकुर आगींतून सुटून फुफाट्यांत पडले. बेटावरून कोठें निघून जाण्याची सोय नसलेलीं हरणें त्यांवर तुटून पडलीं. संस्थेनें कुंपणें घालून कांहीं तुकडे वांचविले. आंत झुडूप व बाहेर गवत, असा देखावा तेथें दिसूं लागला. १९७० सालच्या तारेच्या पिंजऱ्याचीच ही मोठी आवृत्ति होय.

पुढें २०२३ सालीं संस्थेनें बेटावरील सर्व हरणें नाहींशीं करण्याची योजना मांडली, व त्यांत हेलिकॉप्टरांतून गोळ्या घालण्याचा विचार होता. बेटावरील रहिवाशांत व बाहेर मोठा गहजब झाला. पिढ्यान् पिढ्या अंगणांत येणारीं हरणें अशीं मारावीं, हें अनेकांना सहन झालें नाहीं. २०२४ सालीं हेलिकॉप्टरांचा विचार सोडून देण्यांत आला. ह्या वादांत दोन्ही पक्षांचें दुःख खरें आहे, असें आम्हांस वाटतें. हरणानें कोणताहि अपराध केलेला नाहीं. त्याला बेटावर आणलें तें मनुष्यानें, आणि त्याच्या मागें सिंह ठेवला नाहीं तोहि मनुष्यानेंच. परंतु उघड्या टेकडीनें तरी कोणता अपराध केला आहे? जें झुडूप जगांत त्या द्वीपसमूहाखेरीज कोठेंच उगवत नाहीं, त्याला आपली बाजू मांडावयास तोंड नाहीं, आणि त्याच्यासाठीं अश्रु ढाळणारे लोकहि थोडे. आणणाऱ्यानें आणलें, भोगावें लागलें तें दुसऱ्यांस. इतिहासांतील पुष्कळ चुकांचा हाच आकार असतो.

ह्या साऱ्यावरून चरणारा प्राणी हा रानाचा वैरीच आहे, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. आज त्याच कॅलिफोर्नियांत घरांच्या आसपासचीं वाळलेलीं झुडपें खाऊन टाकण्यासाठीं शेळ्यांचे कळप भाड्यानें आणले जातात, कीं पुढचा वणवा दारापर्यंत येऊं नये. आगीपूर्वीं योग्य जागीं जी शेळी राखण करते, तीच आगीनंतरच्या पहिल्या हिरव्या वर्षांत डोंगरावर सोडली तर घात करते. प्राणी तोच, दांत तेच; बदलतो तो काळ, बदलते ती जागा, आणि बदलते ती संख्या.

१७९३ चें फर्मान आगीस दोष देऊन मोकळें झालें. १९६८ चें शास्त्र झुडपाच्या सुगंधास दोष देऊन मोकळें झालें. दोघांनाहि जें दिसत होतें तेंच कारण वाटलें. सॅन गेब्रिएलच्या पायथ्याशीं जळालेलीं घरें पुन्हां बांधलीं जातील. तें काम मनुष्य नेटानें करतो. वरच्या उतारावर मात्र पावसाबरोबर उगवलेलें सिआनोथसचें बोटभर रोप आणि त्याच्या शेजारीं संध्याकाळीं येणारा ससा यांचा व्यवहार कोणाच्या नकळत चालूं असेल. त्या व्यवहारावर कोणी तरी लक्ष ठेवून असावें, एवढेंच ह्या इतिहासाचें सांगणें आहे.